मेस्त्रेंची शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या वडिलांना मराठी वर्तमानपत्र अडखळत वाचता येई. पण पाच रेघांवर मांडलेली पाश्चात्त्य स्वरलिपी समोर ठेवली, की ते न अडता व्हायोलिन वाजवीत. हे कुठे शिकलात, असं विचारलं की उत्तर एकच, ‘गावच्या इस्कोलांत.’ इस्कोल म्हणजे गोव्यातली चर्चची शाळा. आज तिच्याविषयीच बोलायचं आहे.

पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकापासून, गोव्यात चर्चला जोडून शाळा निघाल्या. हेतू सरळ होता. मुलांना धर्मशिक्षण मिळावं आणि मिस्सेच्या वेळी गाणारी मुलं तयार व्हावीत. शिकवणाऱ्याला ‘मेस्त्रे’ म्हणत. चर्चचा गायकवृंदही बहुधा तेच सांभाळत. अक्षरं आणि आकडेमोड यांच्याबरोबर स्वरलिपी वाचून गायला शिकवलं जाई. वडील सांगत, हाताने ताल धरून स्वर वाचता आले, तरच ‘रेबेक’, म्हणजे व्हायोलिन, हाती मिळे.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १६८४ साली सत्ताधाऱ्यांनी हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. कोंकणी घराघरांत टिकली, पण शाळेत तिला मान मिळाला नाही. वडिलांना स्वर वाचता येत होते; आईला कोंकणीत पत्र लिहिता येत नव्हतं. ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

पुढे पोटासाठी गोव्याचे वादक मुंबईत आले. बोलपटांचा जमाना होता. संगीतकार चाल गुणगुणे, अरेंजर ती कागदावर उतरवी आणि वाद्यवृंदातले अनेक व्हायोलिनवादक कागद पाहून एकसाथ वाजवीत. त्यासाठी स्वरलिपी वाचणारी माणसं हवी होती. मिस्सेसाठी दिलेली विद्या अशी हिंदी सिनेमाच्या कामी आली.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९२७चा जन्म, वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख. मुंबईत ते नावाजलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर झाले. प्यारेलाल त्यांचेच शिष्य. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं गेलं, म्हणून ते घरोघरी पोचलं. २०१२ साली ते गेले.

बाकीच्यांची नावं मात्र पडद्यावर क्वचितच आली. माझ्या वडिलांचं तर कधीच नाही. चर्चच्या कितीतरी शाळांची आता हायस्कुलं झाली आहेत, मेस्त्रेंचा तो वर्ग मागे पडला आहे.

रेडिओवर जुनं गाणं लागलं, की वडील जेवता जेवता थांबत. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागत. गाणं संपलं, की पुन्हा जेवू लागत. आता असं गाणं लागलं, तर गायकाच्या आवाजामागची व्हायोलिनंही जरा ऐका.