नानीचं तिकीट फुकट, पण पायरी उंच

(नेरळ येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



रविवारची झोप सोडून आलात, म्हणून लांबण लावत नाही.

माझी नानी ऐंशीच्या पुढची. गेल्या वर्षी तिला मुंबईत डोळे दाखवायचे होते. तारीख मिळाली, मी रजा टाकली, आणि निघायच्या वेळी नानी म्हणाली, "नको रे बाळा, मला दिसतंय की." दिसत नव्हतं. खरं कारण खूप दिवसांनी कळलं. आधीच्या खेपेला एका स्टेशनवर उतरताना तिचा पाय गाडी आणि फलाटाच्या फटीत गेला होता. मागच्या बाईने दंडाला धरून ओढलं. चप्पल मात्र खालीच राहिली. घरी तिने "चप्पल तुटली" एवढंच सांगितलं.

तुमच्या घरी कोण कोण असं "नको" म्हणतं, जरा आठवून बघा. नेरळहून सीएसएमटी 86 किलोमीटर, दोन तासांचा प्रवास. मोठी इस्पितळं तिकडेच. गाडीत चढता येत नसेल, तर आजार अंगावर काढण्याशिवाय काय राहतं?

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे. लोकलमध्ये दिव्यांगांचा वेगळा डबा आहे, ज्येष्ठांना राखीव जागा आहेत. (त्या जागांवर मोबाईल बघत कोण बसतं, हे मी इथे विचारत नाही.) पण तिकीट फुकट झालं तरी बसची पहिली पायरी उंचच राहते. सवलत उपयोगी पडते ती चढल्यानंतर.

आता वर डोंगराकडे बघा. 1907 साली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली, ती पीरभॉय घराण्याच्या पैशातून. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? त्या माथेरानात मोटारबंदी. 2022 पर्यंत दस्तुरी नाक्यापुढे चालायचं, घोड्यावर बसायचं, नाहीतर माणसाने ओढलेल्या रिक्षात बसायचं. छोटी गाडी मिळाली तर नशीब. ज्याला चालता येत नव्हतं त्याने काय करायचं? दुसऱ्या माणसाच्या घामावर बसायचं. ओढणाऱ्याचीही इज्जत जायची, आणि बसणाऱ्यालाही ओशाळवाणं वाटायचं.

यावर कोर्टात गेले ते सुनील शिंदे, माथेरानचे निवृत्त शिक्षक. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली आणि डिसेंबरात त्या धावल्या. विरोधही झाला, आणि तो खोटा नव्हता. घोडेवाल्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्यात आपल्या ओळखीची माणसं आहेत. त्यांना शत्रू ठरवून हे काम करू नका. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने सांगितलं, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांच्या रोजगाराची सोय करा. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फलाटाची गोष्टही अशीच. 11 जानेवारी 2014 ला घाटकोपरला मोनिका मोरे ही सोळा वर्षांची मुलगी त्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांच्या उंचीवर हायकोर्टाने लक्ष घातलं. त्याच्या कितीतरी आधीपासून समीर झवेरी रेल्वेच्या मागे लागले होते. 1989 च्या रेल्वे अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. घरी बसून राहिले नाहीत, माहिती अधिकाराचे अर्ज करत राहिले, याचिका टाकत राहिले. आज मुंबईकडचे फलाट उंच दिसतात, त्यामागे असं चिवट काम आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बस, रेल्वे, स्थानकं सुगम करण्याचं बंधन आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केलं की सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत. म्हणजे "बजेट आलं की बघू" हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

आपण मोर्चाने सुरुवात करणार नाही, मोजमापाने करणार आहोत. फलाट आणि पायरीतली फट किती, पुलाला पायऱ्या किती, उतार आहे का, लिफ्ट असेल तर चालू असते का, दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे खूण आणि छप्पर आहे का, बसथांब्यावर बसायला बाक आहे का. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. आणि ही फक्त आपल्या मोहल्ल्याची यादी नको. शेजारच्या आदिवासी वाडीतली आजी, बाजारपेठेतले काका, सगळ्यांना विचारा. फट कुणाचं आडनाव बघत नाही.

मुलींनी तर नक्की यावं, कारण बायका उतरताना काय होतं ते मला सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला, स्टेशनबाहेर. शिंप्याची टेप चालणार नाही, ती ताणली जाते. सुताराची लोखंडी टेप आणा. आणि फट मोजायची ती गाडी थांबलेली असतानाच, फलाटावर उभं राहून. रुळांवर कुणीही उतरायचं नाही. माझी नानी येणार आहे, तिला खुर्ची लागेल. ती कोण आणतंय?