मुलांना हिशेब दाखवा

(वाशीम येथे नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



कागद वाचणे हा माझा व्यवसाय आहे. पण त्यांतला पहिला कागद मी वकील होण्यापूर्वीच पाहिला. माझे आजोबा जवळच्याच एका खेड्यात सालदार होते. पाडव्याला साल धरावयाचे, उचल घ्यावयाची आणि वर्षभर राबून ती फेडावयाची, हा त्यांचा क्रम. उचलीच्या एका कागदावर त्यांचा अंगठा होता. रकमेची जागा मात्र कोरी होती. ती पुढे कोणी व किती भरली, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. ते कर्ज वडिलांनी फेडले. मला त्याहूनही एक गोष्ट अधिक सलते. पैशाची गोष्ट निघाली की आम्हां मुलांस अंगणात पिटाळीत.

आजही आपण तेच करतो. मुलास अठरा वर्षे पूर्ण झाली की त्याची सही कायद्याने बंधनकारक होते. परंतु दरमहा शेकडा तीन म्हणजे काय, हे तोवर त्यास कोणी सांगितलेले नसते. तीन हा आकडा ऐकावयास लहान. दहा हजारांवर वर्षाला त्याचे ३,६०० रुपये होतात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. आठवडी बाजारातून परतताना हे गणित आठ वर्षांच्या मुलासही समजावता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. सावकाराने कोरा कागद लिहून घेण्यासही मनाई आहे. तरी अंगठा उमटल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या पाहिली, म्हणजे हे शिक्षण घरातच व्हावयास हवे असे वाटते.

कर्ज तेवढे वाईट, असेही मुलांस शिकवू नका. रामजी सुभेदार बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी विवाहित मुलींकडून उसने आणीत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवीत, आणि पेन्शन हाती पडताच ते सोडवून आणीत. कर्ज कशासाठी आणि ते फिटणार कशातून, हे दोन्ही तेथे आधीच ठरलेले होते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्याचा. यांत दान कोठे आहे, असे चाणाक्ष श्रोता विचारील. अट्ठकथेने ते उपभोगाच्याच भागात घातले आहे. म्हणजे द्यावयाचे ते स्वतःच्या सुखातून काढून. आपण मात्र वडिलांच्या खिशातले नाणे मुलाच्या हाती देतो आणि दानपेटीत टाकावयास लावतो. त्यात त्या बालकाचे काय गेले? खाऊचे पैसे त्याच्या स्वाधीन करा, आणि काय द्यावे ते त्यासच ठरवू द्या. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास मागितला. वीस रुपयांचा विसावा हिस्सा एक रुपया होतो. तेवढे मुलास सहज कळते. कोणाच्या वहीसाठी दिला तरी चालेल. एखाद्या महिन्यात त्याने नाही दिला तर रागावू नका.

आणि दिल्यावर त्याने "माझ्या रुपयाचे काय झाले?" असे विचारले, तर विहाराच्या पंचांनी हसण्यावारी नेऊ नये, वही उघडून दाखवावी. आमच्या आजोबांस हा प्रश्न विचारता आला नव्हता.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे दहा वर्षे व त्यावरील मुलांना, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडून चालविता येते. ते उणे होऊ द्यावयाचे नाही, असाही नियम आहे. येत्या पौर्णिमेस दुपारी मी याच विहारात बसणार आहे. ज्यांस खाते उघडावयाचे आहे त्यांनी यावे. घरात कर्जाचे कागद असतील तर तेही आणावेत. सोबत मुलांस आणावे. कागद मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचीन.

जय भीम.