हैजचा हिशेब वहीत ठेवा
(पालक-विद्यार्थिनी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. तरीही दिवस मोजण्याची सवय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. नमाज केव्हा थांबवायची, गुस्ल करून केव्हा सुरू करायची, रमजानचे किती रोजे नंतर धरायचे, यासाठी प्रत्येक मुलगी हैजचे दिवस मोजतेच. पण महिना उलटला की हिशेब विसरला जातो. तो वहीत उतरवा, एवढी माझी विनंती आहे. डॉक्टर पहिला प्रश्न तारखांचाच विचारतात.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत एक चक्र होते. मुलीची पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ते 21 ते 45 दिवसांपर्यंत मागेपुढे होते, कारण बीजकोशाच्या कामाची घडी अजून बसलेली नसते. परीक्षेचा ताण, आजारपण, एकदम घटलेले वजन यांनीही एखादी पाळी लांबते. आईने घाबरू नये आणि मुलीला टोचून तर मुळीच बोलू नये.

मात्र तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर सल्ला घ्या. थायरॉइडचा किंवा पीसीओडीचा दोष असू शकतो. ‘निकाह झाला की आपोआप सुरळीत होईल’, हा काही इलाज नव्हे! कुंवार मुलीची आतून तपासणी करतील, या धास्तीने पुष्कळ आया टाळतात. बहुधा विचारपूस, रक्ततपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी एवढ्यावर भागते.

आता रक्तस्रावाविषयी. हैजची कमाल मुदत हनफी मसलकात दहा दिवस, शाफईत पंधरा दिवस मानतात. म्हणून नऊ-दहा दिवस अंगावर गेले तरी ‘मुदतीत आहे’ असे म्हणून गप्प बसतात. ती मुदत इबादतीसाठी आहे. वैद्यकाच्या दृष्टीने सात दिवसांपेक्षा जास्त जाणे, तास-दोन तासांनी पॅड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, ही तपासून घेण्याची लक्षणे होत. अगदी पहिल्या पाळीपासून असे होत असेल तर रक्त गोठण्यातला दोषही पाहावा लागतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या शंभरांतील सुमारे 59 मुलींना रक्तक्षय आढळला. आहार हे त्याचे एक कारण आहेच, पण दरमहा वाहून जाणारे रक्तही आहे. जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटतात आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही! हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर उपचार हवा. दुखण्याने दरमहा शाळा बुडत असेल, तर तेही सोसत बसू नये.

पाळी लांबवण्याच्या गोळ्या रमजानसाठी वा हजसाठी शेजारणीकडून मागून घेऊ नका. काही स्त्रियांना त्या चालत नाहीत.

मातांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो एकदाच असला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कर्करोग नाही ना, याची खात्री करावीच लागते.

आता शिक्षिका कागद वाटतील. नाव न लिहिता प्रश्न लिहा. सर्व चिठ्ठ्या वाचूनच मी जाईन.