जुन्या दुर्बिणीचा नवा डोळा

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानातील भाग)



दुर्बिणीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, आरसा केवढा? मी मात्र आज आरशासमोर बसविलेल्या डोळ्याविषयी, म्हणजे कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे.

कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर १९४८ पासून एक ४८ इंची दुर्बीण उभी आहे. आजच्या मानाने ती लहानच. तिच्यातील प्रतिमा सपाट न पडता वक्र पृष्ठावर पडते. त्यामुळे पूर्वी १४ इंची छायाचित्रणाची काच चक्क वाकवून बसवीत! या म्हाताऱ्या दुर्बिणीला नवी दृष्टी दिली ती ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ या प्रकल्पाने. त्याचे नेतृत्व केले कॅलटेकच्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म १९५६ चा, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा.

काचेच्या जागी आता प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची चिप, म्हणजे सीसीडी, बसवायची होती. ती काचेसारखी वाकवता येत नाही आणि एवढ्या आकाराची एकसंध मिळतही नाही. म्हणून १६ चिपा फरशीसारख्या शेजारी शेजारी जडविल्या. वक्रतेशी जुळावे म्हणून किंचित कलत्या, प्रत्येकीवर स्वतंत्र भिंग. उष्णतेमुळे चिपेत खोटा प्रकाश उमटतो, यास्तव सारी मांडणी निर्वात पेटीत उणे शंभर अंशांच्याही खाली थंड ठेवावी लागते. ही पेटी दुर्बिणीच्या नळीतच बसते. ती जितकी मोठी, तितका ताऱ्यांचा प्रकाश अडणार! चिपांमधल्या फटीत हरवलेला तारा सापडावा, म्हणून आकाशाची दुसरी चित्रे थोडी सरकवून घेतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये या कॅमेऱ्याने पहिले चित्र टिपले. एका चित्रात सुमारे ४७ चौरस अंश आकाश येते. पूर्णचंद्राची दोनशेहून अधिक बिंबे त्यात मावतील. जुन्या-नव्या चित्रांची वजाबाकी केली की बदललेले तेवढे उरते. २०२४ अखेर अशा वर्गीकृत अतिनवताऱ्यांची, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांची, संख्या दहा हजारांवर गेली. त्याच वर्षी कुलकर्णींना शॉ पारितोषिक मिळाले.

या चिपा मात्र ब्रिटनमधील कंपनीच्या. आपण आरशांच्या व्यासाचे आकडे अभिमानाने सांगतो. डोळा घडविण्याच्या विद्येची चौकशी फारशी करीत नाही. येथे बसलेल्या पालकांनी ध्यानी घ्यावे, असा कॅमेरा केवळ खगोलशास्त्रज्ञ घडवीत नाहीत. त्यास निर्वात तंत्र, शीतकरण आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे अभियंते लागतात.

उमेद वाटावी असेही घडते आहे. लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून आहे. पालोमारला पहाट होते तेव्हा तेथे सायंकाळ होत असते. कॅलिफोर्नियात रात्री गवसलेला स्फोट काही तासांतच लडाखच्या आकाशात पुन्हा टिपता येतो.