जाणारा आणि घरी राहणारी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ताम्हिणी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा, अशी आम्हांस विनंती होती. परंतु गेल्या आठवड्यात आपल्यातील एक तरुण आमच्याकडे आला. तो पुण्यातील एका कचेरीत हिशेबनीस आहे. ती नोकरी सोडून, जेथे युद्ध चालले आहे तेथे निराश्रितांच्या सेवेस जाण्याचा त्याचा मानस आहे. विधवा आई मात्र रडते. “आईचे ऐकू की देवाचे?” असे त्याने विचारले. त्याच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपणांस ठाऊक असतील. जपानच्या आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या साहाय्यास राष्ट्रसभेने १९३८ साली पाच डॉक्टर धाडिले, त्यांत हे एक. नागपूरचे डॉक्टर चोळकर दुसरे. कोटणीसांनी घरी पत्र लिहून संमती मागितली. वडिलांनी ती दिली. आईस फार दुःख झाले. पुढे वडील वारल्याचे वृत्त त्यांस चीनमध्येच कळले, तरी ते परतले नाहीत. बाकीचे चौघे यथाकाळ मायदेशी आले. कोटणीस १९४१ साली डॉक्टर बेथून ह्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील एका परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२व्या वर्षी अपस्माराने ते निवर्तले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. ते साम्यवादी पक्षात गेले होते, त्यांचे उदाहरण येथे कशाला, असे कोणी म्हणेल. दाखल्यातील शोमरोनी तरी कोठे यहुद्यांच्या पंथाचा होता?

चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. त्यांच्या आईचे नाव आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल?

मुळशीच्या ज्या जलाशयाच्या काठाने आपण आज येथे आलात, त्याखाली गावे आहेत. मुंबईस वीज मिळावी म्हणून ती बुडाली. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. दूरच्या हितासाठी कोणाच्या घरावर पाणी येते, हे ह्या खोऱ्यास शिकवावयास नको.

हिशेबनीसाचे रणभूमीवर काय काम, असे सोबती त्यास हसतात. औषधे, धान्य, तंबू मोजून घेणारा व वेळेवर पोहोचविणारा मनुष्य नसला, तर शल्यवैद्याचे हात रिकामे राहतात! मात्र केवळ उत्साहाने जाणारा तेथील लोकांवरच भार होतो. अनुभवी संस्थेमार्फत व शिक्षण घेऊनच जावे, हे आम्ही त्यास बजाविले आहे.

तो शोमरोनी पुढील प्रवासास गेला, पण उतारशाळेच्या मालकाजवळ दोन दिनार ठेवून गेला. ह्या घरीही तशी तजवीज हवी. घरभाडे, आईचे औषधपाणी, आणि संध्याकाळी तिच्याजवळ बसणारे कोणी. ती धर्मग्रामाने करावी, असे आमचे मत आहे. ती होईपर्यंत आम्ही त्यास ‘जा’ म्हणणार नाही.

काल आम्ही त्या माउलीस भेटलो. तिने होकार दिला नाही. तिकडे थंडी फार असते काय, एवढेच विचारले. ज्यांस काही भार उचलता येईल, त्यांनी जेवणानंतर आम्हांस भेटावे.