खाण थांबल्यावर मातीचें काय?



चहाचा पेला, लोणच्याची बरणी, न्हाणीघरांतील शुभ्र फरशी आणि मासिकाचा गुळगुळीत कागद, या चारहि वस्तूंत कमीअधिक प्रमाणांत चिनी माती असते. ग्रॅनाइटासारख्या खडकांतील फेल्डस्पार नांवाचें खनिज लाखों वर्षें झिजून व कुजून ही पांढरी माती बनते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि ती सांपडते. वस्तु आपल्या घरीं येते. परंतु ती जेथून आली तेथें उरलेल्या खड्ड्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपल्या दारापर्यंत सहसा पोंचत नाहीं. आज त्याचाच थोडा विचार करूं.

येथें भाषेनेंच आपणांस थोडें फसविलें आहे. खणून नेतात तीहि माती, आणि शेतकरी नांगरतो तीहि मातीच! पण दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. शेताची माती जिवंत असते. तींत कुजलेला पाला, गांडुळें आणि डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधि जीवाणु नांदत असतात. हा जिवंत थर पुष्कळ ठिकाणीं वीतभरच जाडीचा असतो, आणि खाण उघडतांना पहिला घाव बसतो तो त्याच्यावर. खालच्या मुरुमांत तो एकदां मिसळला, कीं पुढें खड्डा भरला तरी त्यावर कुसळहि उगवत नाहीं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. तेथें अठराव्या शतकांत विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्यास चिनी माती सांपडली व १७६८ सालीं त्यानें तिच्यापासून पोर्सेलीनचीं भांडीं करण्याचें पेटंट घेतलें. त्या खाणींतून एक टन चिनी मातीमागें सुमारें नऊ टन वाळू, दगड व अभ्रक टाकाऊ निघे. त्या पांढऱ्या ढिगांस लोक थट्टेनें 'कॉर्निश आल्प्स' म्हणूं लागले. याच भागांतील बोडेल्वा येथील सुमारें साठ मीटर खोल खाण संपत आली, तेव्हां टिम स्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें 'ईडन प्रॉजेक्ट' नांवाचें वनस्पति-उद्यान उभारलें. मार्च २००१ मध्यें तें लोकांस खुलें झालें. त्या खड्ड्यांत झाडें लावण्याजोगी माती नव्हतीच. खाणीच्या टाकाऊ वाळूंत व चिकणमातींत कुजविलेलें खत मिसळून त्यांना सुमारें ८५,००० टन माती तयार करावी लागली!

अर्थात् एवढा खर्च गांवच्या लहान खाणीस झेपणारा नाहीं. तिला कॉर्नवॉलचाच दुसरा धडा अधिक उपयोगी आहे. लिव्हरपूल विद्यापीठाचे प्राध्यापक अँथनी ब्रॅडशॉ व त्यांचे सहकारी यांनीं त्या पांढऱ्या ढिगांचा अभ्यास केला. तेथें पेरलेलें गवत उगवे, पण कांहीं काळानें पिवळें पडून खुरटे. मुख्य कारण नत्राचा तुटवडा. हिरवळ स्वतःच्या बळावर टिकावयास हेक्टरीं सुमारें एक हजार किलो नत्र जमिनींत सांठावें लागतें, असें त्यांस आढळलें. तेवढें खत एकदम ओतून भागत नाहीं. वाळूंतून तें पावसाबरोबर निघून जातें. मात्र क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पति हवेंतील नत्र मुळांच्या गांठींत बांधतात व वर्षाला हेक्टरीं शंभर किलोंच्या आसपास नत्र जमिनीस देऊं शकतात. म्हणजे हें काम एका पावसाळ्याचें नव्हे, दहा वर्षांचें आहे.

आपल्याकडे हें काम ताग, धैंचा, शेवरी व गिरिपुष्प करूं शकतील. पण त्याची तयारी पहिल्या कुदळीपूर्वींच व्हावयास हवी. वरची जिवंत माती कोरडी असतांना वेगळी काढून ठेंगण्या ढिगांत ठेवावी. उंच ढिगांत तळची माती हवेवांचून गुदमरते. खाण संपल्यावर उभे कडे कापून उतार सौम्य करावा, आधीं मुरूम व त्यावर जिवंत माती पसरावी. पाण्याचे चर प्रथम, झाडें मागून. नाहीं तर कोंकणचा पाऊस एका रात्रींत सारी मेहनत ओढ्यास मिळवील. उतारावर वाळा लावावा. त्याचीं खोल मुळें माती धरून ठेवतात.

कोणी म्हणतील, खड्ड्यांत पाणी आयतेंच साठतें, तेव्हां तळेंच कां राहूं देऊं नये? अवश्य राहूं द्यावें. पण उतरतां येईल असा कांठ करून. उभ्या कड्यांचा, पाण्यानें भरलेला खड्डा म्हणजे तळें नव्हे. अशा ठिकाणीं पोहावयास गेलेलीं मुलें दगावल्याच्या वार्ता पावसाळ्यांत आपण वाचतों.

कायद्याचें लक्ष या लहान खाणींकडे उशिरां गेलें. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान अशा गौण खनिजांच्या खाणींसहि पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. अनेक लहान खड्डे मिळून मोठीच हानि होते, हें त्यामागचें तत्त्व. फेब्रुवारी २०१५ मध्यें चिनी माती गौण खनिजांत गणली गेली व तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आला. पण परवानगीचा कागद कांहीं झाड लावीत नाहीं. तास संपल्यावर फळा पुसून वर्ग सोडावा, अशी आम्हां शिक्षकांची रीत. कारण पुढील तास दुसऱ्याचा असतो. जमिनीचाहि पुढील तास दुसऱ्याचाच आहे. म्हणून माझें म्हणणें इतकेंच, कीं जमीन पूर्ववत् करण्याचा खर्च खाण सुरू होण्यापूर्वींच अनामत घ्यावा, आणि त्यावरची हिरवळ दहा पावसाळे टिकलेली गांवानें स्वतः पाहिल्यावांचून तो परत देऊं नये.