एका पेनीची कॉफी आणि घाबरलेला राजा

आजचा विषय आहे कॉफी. पण फिल्टर चांगली की इन्स्टंट, या वादात आज आपण पडायचं नाही. मला बोलायचंय ते कॉफी प्यायच्या जागेबद्दल. इंग्लंडच्या एका राजाने या जागांचा इतका धसका घेतला की त्याने त्या सगळ्या बंद करायचा हुकूम काढला. असं काय होतं तिथे?

सुरुवात होते १६५२ मध्ये. डॅनिअल एडवर्ड्स नावाचा इंग्रज व्यापारी तुर्कांच्या राज्यातल्या स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये, व्यापार करायचा. तिथे त्याला कॉफीची सवय लागली. लंडनला परतताना त्याने पास्क्वा रोझे या आपल्या नोकराला सोबत आणलं. या रोझेने सेंट मायकेल्स अ‍ॅली नावाच्या बोळात लंडनमधलं पहिलं कॉफी विकणारं दुकान मांडलं. दुकान कसलं, सुरुवातीला टपरीच होती ती! पण बघता बघता शहरभर कॉफी हाउसेस झाली.

आता यात विशेष काय? तोवर लंडनची माणसं जमायची ती दारूच्या गुत्त्यात. तिथे दोन तास बसलं की बोलणं बरळण्यावर जायचं. कॉफीचं उलटं. जितका वेळ बसाल तितकं डोकं तरतरीत. शिवाय दर काय, तर एक पेनी. पेनी टाकायची, आत जायचं, लांबलचक टेबलापाशी जागा दिसेल तिथे बसायचं. समोर वर्तमानपत्रं, पत्रकं पडलेली असायची. ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा कोणी वाचून दाखवायचा. १६७४ च्या एका छापील पत्रकात कॉफी हाउसचे नियम दिलेत. त्यात म्हटलंय की मोठा माणूस आला म्हणून कुणी उठून त्याला जागा द्यायची गरज नाही. राजा, दरबार, सरदार अशी उतरंड असलेल्या समाजात हे केवढं मोठं होतं बघा! लोक या जागांना ‘पेनी विद्यापीठ’ म्हणायला लागले ते उगाच नाही.

आता राजाकडे येऊ. गादीवर होता दुसरा चार्ल्स. त्याच्या वडिलांचं, पहिल्या चार्ल्सचं, डोकं १६४९ मध्ये लंडनमध्येच भर लोकांसमोर उडवलं होतं. लोक बोलायला लागले की काय होतं, हे याला चांगलं ठाऊक होतं. २९ डिसेंबर १६७५ ला त्याने जाहीरनामा काढला: १० जानेवारीपासून सगळी कॉफी हाउसेस बंद. कारण दिलं, तिथे रिकामटेकडे लोक जमतात आणि सरकारविरुद्ध खोट्यानाट्या बातम्या पसरवतात. ओळखीचं वाटतंय ना?

पण ओरड इतकी झाली की बंदी लागू व्हायच्या दोनच दिवस आधी राजाने माघार घेतली. मालकांकडून हमी घेतली आणि दुकानं चालू राहिली.

मग या टेबलांवर काय काय घडलं? एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाउसमध्ये जहाजांचे कप्तान आणि व्यापारी यायचे. कुठलं जहाज निघालं, कुठलं बुडालं, ही खबर तिथे आधी कळायची. त्यामुळे जहाजांचा विमा उतरवणारेही तिथेच बसायला लागले. आजचं लॉइड्स हे विम्याचं प्रचंड मार्केट त्यातूनच उभं राहिलं. जोनाथन्स नावाच्या कॉफी हाउसमध्ये जॉन कॅस्टेंग १६९८ पासून शेअर आणि मालाचे भाव छापून द्यायचा. लंडनच्या शेअर बाजाराचं मूळ तिथे सापडतं.

इथवर ही गोष्ट सगळेच सांगतात, आणि ऐकायलाही छान वाटते. पण मला वाटतं, अर्ध्यावर थांबलो तर आपण स्वतःला फसवतोय.

त्या टेबलापाशी कोण नव्हतं? एक तर बायका. कॉफी हाउस चालवणाऱ्या, कॉफी ओतणाऱ्या बायका होत्या. पण गिऱ्हाईक म्हणून बसून राजकारणावर वाद घालणारे जवळजवळ सगळे पुरुषच.

आणि दुसरे, गुलाम. लॉइड्सच्या बाजारात ज्या जहाजांचे विमे उतरले, त्यांत आफ्रिकेतून माणसं कोंबून नेणारी जहाजंही होती. २०२० मध्ये लॉइड्सने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या काळच्या लंडनच्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती यायच्या. पकडलेला माणूस कुठे आणून द्यायचा? बऱ्याचदा पत्ता असायचा एखाद्या कॉफी हाउसचा! रोझेने टपरी टाकली त्याच बोळात पुढे जमैका कॉफी हाउस होतं. वेस्ट इंडीजमध्ये मळे असणाऱ्यांची आणि तिथल्या व्यापाऱ्यांची ती बसायची जागा.

आणि खुद्द कॉफी? सुरुवातीला ती येमेनहून यायची. पण अठराव्या शतकाच्या शेवटी जगातली सुमारे निम्मी कॉफी एकट्या सां-दोमिंगमध्ये पिकत होती. ही कॅरिबियनमधली फ्रेंचांची वसाहत, आजचा हैती. तिथे सुमारे ५ लाख गुलाम राबत होते. १७९१ मध्ये ते उठले, मळे पेटवले, आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. त्यांना कुणी टेबलापाशी बोलावलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, कॉफीने माणसाला बोलायला जागा दिली हे खरंच आहे, आणि ती जागा राजाच्या हुकमाला पुरून उरली हेही मोठंच. पण तुमचा कट्टा असो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, ‘इथे सगळ्यांना मोकळीक आहे’ असं कुणी म्हणालं, की एकदा आजूबाजूला बघावं. कोण बसलंय ते दिसतंच. कोण आलेलं नाही, आणि ज्यांच्या जिवावर आपण निवांत बसलोय ते कुठे आहेत, तेही विचारावं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, कॉफी घ्या!